तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं

कर्टिस टॉलेफसन आपल्याबद्दल एकच बढाई मारायचा: मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला आपल्याइतका गुळगुळीत बर्फ कुणाला जमत नाही. हार्लो लेक गावातलं बर्फावरच्या हॉकीचं मैदान, म्हणजे रिंक, तो सांभाळायचा. खेळाच्या मध्यंतरात आपलं ते हत्तीएवढं यंत्र घेऊन बर्फावरून सावकाश फिरायचा आणि मागे काचेसारखा पट्टा सोडत जायचा. बाकी आयुष्यात मात्र आपण जिथे हात लावला तिथे ओरखडेच राहिले, असं तो सांगायचा आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसायचा. बायको फार्गोच्या एका दातांच्या डॉक्टरबरोबर निघून गेली, तेव्हाही रिंकवर येऊन त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं, की चला, निदान तिच्या दातांची तरी सोय झाली.

अशा माणसाने बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघायचं मनावर घेतलं.

कारण ब्रिटा. मुलगी अठराची झाली होती, शाळेचं शेवटचं वर्ष होतं, आणि उन्हाळा संपला की ती ओरेगॉनला शिकायला जाणार हे जानेवारीत पक्कं झालं. त्या दिवशी कर्टिसने तिला मिठी मारली, ओळखीच्यांना फोन केले, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ बर्फाच्या फावड्याचा दांडा घट्ट करत बसला. दांडा आधीच घट्ट होता. तिची आई निघून गेल्यापासून घरात ही दोघंच. आता ही गेली की संध्याकाळी दार उघडल्यावर कोण ओरडणार, "डॅड, बुटांचा बर्फ परत आत आणलास ना?" तर ती जायच्या आधी एक आठवडा तिच्याबरोबर कुठेतरी जायचं, दोघांनीच, जन्मभर आठवेल असं. एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्याला फार हवं होतं.

मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीला वसंताची सुट्टी म्हणतात. हार्लो लेकमध्ये तेव्हा गोठलेल्या तळ्यावर अजून मोटारी चालवता येतात. म्हणून ज्याला परवडतं तो त्या आठवड्यात दक्षिणेला पळतो आणि सालं निघालेलं नाक मिरवत परत येतो. टॉलेफसनांच्या घरातून आजवर कुणी पळालं नव्हतं.

"मेक्सिको," कर्टिस जेवताना म्हणाला. "समुद्राला लागून हॉटेल. खाणंपिणं सगळं त्यातच. मनगटाला एक पट्टी बांधतात. पट्टी दाखवायची आणि खात सुटायचं. गुरांच्या कानाला बिल्ला मारतात ना, तसंच."

ब्रिटा हसली. "तू आणि समुद्र? डॅड, मागच्या जुलैत तू सावलीत भाजला होतास."

"म्हणूनच. आता उन्हात भाजून बघतो." मग पुढ्यातल्या हॉटडिशमध्ये, म्हणजे बटाटे घालून भाजलेल्या खिम्यात, चमचा फिरवत, काही विशेष नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "पण तुझ्या हॉकीच्या टीममधली सोल्वेग आणि त्या पोरी अलाबामाला चालल्यात ना, तिच्या काकाच्या घरी? तुला त्यांच्याबरोबर जायचं असलं तर तसं सांग हं."

"नाही रे. ठीक आहे."

"नक्की? माझ्यासाठी म्हणून नको."

"नाही, खरंच. मेक्सिको चालेल मला."

आता हार्लो लेकमध्ये पहिल्या 'नाही'ला काडीची किंमत नसते. ते नुसतं वळण. दुसरं 'नाही' म्हणजे सभ्यता. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही माणसं. त्यांच्या पोटातलं ओठावर यायला तिसऱ्यांदा विचारावं लागतं. कॉफी घेता? नको. घ्या की. नको, नको, तुम्हाला त्रास. अहो, केलेलीच आहे. बरं मग, अर्धा कप. आणि मग तीन कप. पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं, तसं कर्टिसलाही होतं. ब्रिटाचं दुसरं 'नाही' टेबलावर येऊन पडलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. कर्टिस उठला, "झालं तर मग! ठरलं!" म्हणाला आणि बशा गोळा करायला लागला. ब्रिटाच्या बशीत अजून जेवण होतं.

तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. विसरला वगैरे नव्हता. उत्तराला भ्याला होता.

मग तयारी सुरू झाली. संध्याकाळभर तो संगणकासमोर बसून हॉटेलांबद्दल लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचायचा. कौतुकावर त्याचा विश्वास नव्हता. कौतुक काय, सासरचे लोकही चारचौघांत करतात. एकाने लिहिलं होतं, समुद्र फार खारट आहे. एका बाईचा पाव सरड्याने पळवला होता. शेवटी ज्या हॉटेलाबद्दल, लाटांचा आवाज कितीही सांगितलं तरी बंद करत नाहीत, एवढीच तक्रार होती, ते त्याने ठरवलं. पैसे भरले, आणि ते परत मिळणार नाहीत हे वाचूनही भरले. माणूस एकदा मनात मांडे खायला बसला की ताट कुणाचं हे बघत नाही.

पोहायची चड्डी टपालाने आली. दुकानात जाऊन मापाची घ्यायला तो लाजला होता, त्यामुळे ती आली ती अंगाला घट्ट आणि वर पिवळे अननस. शनिवारी दुपारी तो स्वयंपाकघरात ती चड्डी आणि लोकरीचे मोजे घालून, ओव्हनच्या काचेत स्वतःला निरखत उभा असताना मागच्या दाराने आर्डिस आत आली.

आर्डिस ही त्याची थोरली बहीण. नवरा हॅरल्ड गेल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. गावातल्या बायकांचे केस कापायची आणि कापता कापता कानही टोचायची. दर शनिवारी काहीतरी भाजून घेऊन यायची. आज लिंबाच्या वड्या होत्या. तिने ट्रे खाली ठेवला आणि डोळ्यांवर हात धरला.

"अगं बाई! कर्टी, हे पाय तुझे का? मला वाटलं फ्रिजचं दार उघडं राहिलंय."

"हस. मेक्सिकोतले लोकही हसणारेत. तुझ्यापासून सुरुवात झाली एवढंच."

"हसणार नाहीत. आंधळे होतील. दर्यात जहाजं असतात म्हणे, त्यांना जरा आधी कळव."

वरच्या मजल्यावरून ब्रिटा उतरली, बापाकडे बघून तोंडावर हात ठेवला आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही मऊ आलं की कर्टिसला पोट आत ओढून घ्यावंसं वाटलं.

"छान दिसतोयस, डॅड," ती म्हणाली, आणि भराभर कोट चढवून सोल्वेगकडे निघून गेली.

"बघ," कर्टिस म्हणाला. "पोरीला आवडली."

आर्डिस काही बोलली नाही. ती बोलली नाही की कर्टिसला जास्त धास्ती वाटायची.

पण पायांचं तिने म्हटलं ते त्याच्या मनाला लागलं होतं. गावात एक जुनं शास्त्र आहे: दक्षिणेला जायच्या आधी इथेच थोडं भाजून घ्यायचं, म्हणजे तिथे जास्त भाजत नाही. याला पाया घालणं म्हणतात. त्यासाठी क्रिस्टलच्या दुकानात, नखं रंगवायच्या टेबलांच्या मागे, एक दिव्यांची पेटी आहे. आत पालथं पडायचं, झाकण ओढून घ्यायचं, की फेब्रुवारीतही ऊन. क्रिस्टलने त्याला पहिल्या खेपेला अगदी थोडा वेळ पडायला सांगितलं होतं. पण बर्फ जमवणाऱ्या माणसाची अक्कल अशी, की जाड थर हवा तर जास्त वेळ द्यायला हवा. त्यात अंगावर चड्डीचा पट्टा उमटू नये म्हणून तो आत गेला तो जन्माला आला तसाच. झाकण पडलं, आत छान ऊबदार होतं, समुद्राचा आवाज मनातल्या मनात येऊ लागला, आणि त्याला डुलकी लागली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण कर्टिसने हातापुरतं ठेवलं नव्हतं. मेक्सिकोच्या उन्हाने भाजू नये म्हणून हा गडी भर थंडीत, गाव न सोडता, पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत लाल झाला. उन्हाने भाजलेला माणूस निदान समुद्र बघून आलेला असतो. हा नखांच्या दुकानातून आला होता.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी चर्चमध्ये सूप होतं. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत दर बुधवारी सगळं गाव तळघरात जमतं, सूप पितं आणि उपास कसा जड जातोय ते सांगत तिसरी वाटी घेतं. कर्टिस वाटी हातात धरून खांबाला टेकून, म्हणजे खांबाच्या जवळ, उभा राहिला. शेजारच्या मार्लिस हेगस्टाडने त्याला बघून खुर्ची ओढली.

"बस ना, कर्टिस."

"नको, बरा आहे उभा."

"अरे बस की. सूप सांडेल."

"नाही, खरंच. दिवसभर यंत्रावर बसूनच तर असतो."

"ही बघ, गादीवाली खुर्ची खास तुझ्यासाठी ठेवलीय. बस आता."

तिसरी खेप. तिसऱ्यांदाही जो नाही म्हणतो तो गर्विष्ठ, आणि टॉलेफसनांना गावात काय वाटेल ते म्हणत असतील, गर्विष्ठ कुणी म्हटलं नव्हतं. कर्टिस बसला. मेक्सिकोचा सगळा सूर्य त्याच्या खाली एकदम उगवला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मार्लिसने ते पाहिलं आणि तिला वाटलं, मुलगी चालली म्हणून. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "ब्रिटाबरोबर मेक्सिकोला चाललायस ना? किती छान रे."

"हो ना," दात आवळून कर्टिस म्हणाला. आणि आपला बेत कुणाला सांगितला की पुढचं वाक्य गावात आपोआप येतं, तसं ते आलं. "तुम्ही पण चला की."

"छे छे! तुम्हा बापलेकीत आम्ही कुठे."

"त्यात काय? चला."

"नाही रे बाबा, गॉर्डीचा गुडघा..." आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. गॉर्डी हेगस्टाडने जन्मभर टपाल वाटलं होतं आणि आता जन्मभराचं न बोललेलं साठवून बसला होता.

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण कर्टिस त्या क्षणी बुडाच्या एका बाजूवरून दुसरीवर वजन टाकत होता आणि तोंडाकडे त्याचं लक्ष नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "गुडघ्याला तर ऊन चांगलंच की!" तो जवळजवळ किंचाळला. "चला हो, खरंच चला!"

गॉर्डीने चमचा खाली ठेवला. "बरं मग," तो म्हणाला. "एवढं म्हणतोयस तर."

मार्लिसने टाळ्या वाजवल्या. सूप संपायच्या आत तिने चौघांना एकसारखे शर्ट शिवायचे ठरवले होते, आणि रंगही.

पुढे कपबशा धुवायला कर्टिस तळघरातल्या स्वयंपाकघरात गेला, कारण तिथे उभं राहता येतं. आर्डिस तिथे आधीच होती. तिच्या हातात फडकं होतं आणि चेहऱ्यावर शनिवारचं ते न बोलणं.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला. "आता गॉर्डी आणि मार्लिससुद्धा. मला तर कुणी हॉकीच्या काठीने हाणायला हवं. पोरीबरोबर शेवटची सुट्टी, आणि मध्ये गॉर्डीचा गुडघा!"

"ऐकलं. फार उदार झालास. शेजाऱ्याला तीनदा विचारलंस." आर्डिसने बशी पुसली, मांडणीवर ठेवली. "पोरीला किती वेळा विचारलंस रे?"

कर्टिसने नळ सोडला.

"नळ बंद कर. मी सोल्वेगच्या आईचे केस कापते, कर्टी. त्या पोरी महिनाभर ब्रिटासाठी गाडीत एक जागा मोकळी ठेवून बसल्यात. कुणाला भरू देत नाहीत."

"तिला मी विचारलं होतं. दोनदा नाही म्हणाली."

"दोनदा," आर्डिस म्हणाली आणि पुढची बशी घेतली.

घरी येताना कर्टिस गाडीत स्वतःशी भांडला. दोनदा म्हणजे काय कमी? दुनियेत इतर ठिकाणी लोक एकदा विचारतात आणि निवांत झोपतात. मोठी मुलगी आहे, जीभ आहे तिला. शिवाय पैसे भरलेले. शिवाय चड्डी घेतलेली. एकेक मुद्दा असा भक्कम होता, आणि प्रत्येकाच्या तळाशी तोच तो भ्यालेला बाप बसला होता. कर्टिसला स्वतःचा राग आला, आणि राग आला की तो स्वतःची थट्टा करायचा, पण त्या दिवशी थट्टाही सुचेना.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या संघाचा मोसमातला शेवटचा सराव होता. सराव संपला, कर्टिस यंत्र घेऊन बर्फावर उतरला. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नाही, फक्त दिसतं. कठड्यापाशी सोल्वेग आणि दोघीजणी फोनमध्ये डोकी घालून काहीतरी ठरवत होत्या, हातवारे करून, एकमेकींना ढकलत. ब्रिटा त्यांच्यातच उभी होती. पण एक पाऊल मागे. तिच्या हातात तिघींच्या काठ्या होत्या आणि ती त्या सांभाळत होती, लग्नात पाहुण्यांचे कोट सांभाळायला बसवलेल्या माणसासारखी. सोल्वेगने फोन तिच्यापुढे धरला. ब्रिटाने पाहिलं, मान डोलावली, हसली आणि मग मान वळवून बर्फाकडे, त्याच्याकडे बघितलं, आणि हात हलवला.

कर्टिसनेही हात हलवला. तेवढ्यात यंत्राचा कोपरा कठड्याला घासला. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्याने आधी हवामानाबद्दल बोलून घेतलं. मग तिच्या गाडीच्या ऑइलबद्दल. मग तळ्यावरचा बर्फ यंदा किती टिकेल त्याबद्दल. ब्रिटा "हं", "हं" करत होती. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, कारण बसणं अजून जमत नव्हतं.

"ब्रिटा," शेवटी तो म्हणाला. "तुला अलाबामाला जायचंय का? सोल्वेगबरोबर?"

तिने हातातला पेला खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली.

कर्टिसने मान हलवली. त्याला वाटलं होतं, हे ऐकल्यावर काहीतरी मोठं होईल. फ्रिज घरघरत होता, तो तसाच घरघरत राहिला.

"मी तेव्हा मुद्दामच तिसऱ्यांदा विचारलं नाही," तो म्हणाला.

"माहितेय मला. मी वाट बघत होते. तू एकदम बशाच उचलायला लागलास. माझी तर भरलेली होती."

"मग तूच सांगायचं होतंस की!"

"कधी सांगणार? रोज येऊन सांगायचास, आज काय वाचलं, तिथे सरडा पाव पळवतो. इतका खूश असायचास. आणि मग ती चड्डी. डॅड, तू अननसाच्या चड्डीत ओव्हनसमोर उभा होतास. त्या माणसाला कुणी कसं सांगायचं की मी येत नाही?"

"त्या माणसाला तर कुणीही काहीही सांगावं," कर्टिस म्हणाला. "त्याने स्वतःचं बूड क्रिस्टलच्या पेटीत भाजून घेतलंय."

ब्रिटाने डोळे मोठे केले. "म्हणून तू उभा असतोस? मला वाटलं तुझी पाठ धरलीय!" आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि उठून त्याच्या गळ्यात पडली. कर्टिस वेदनेने कळवळला, पण तिने सोडू नये म्हणून काही बोलला नाही.

"मला तुझ्याबरोबरही जायचं होतं," ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली. "खोटं नाही. पण त्यांच्याबरोबर जास्त जायचं होतं. हे असं कसं सांगतात कुणाला?"

"आत्ता सांगितलंस तसंच."

"वाईट वाटलं तुला?"

"छे," कर्टिस म्हणाला. मग तिच्या केसांवर हनुवटी टेकवून म्हणाला, "हो. खूप. पण ते माझं मी बघतो. तू सोल्वेगला फोन कर आधी, जागा गेली तर मी गाडीच्या टपावर बांधून पाठवीन तुला."

ती जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत वर धावली. वरून फोनवर आधी तिची किंकाळी ऐकू आली, मग फोनमधून तिघींची. इतका आनंद या घरात कधीपासून दाबून ठेवलेला होता, हे कर्टिसला आत्ता कळलं, आणि तो कुणी दाबला होता हेही कळलं. तो खाली उभा राहून ऐकत होता. त्याला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं वाटवून घ्यायचं ते ठाऊक नसल्यामुळे त्याने भांडी घासली.

राहिला प्रश्न मेक्सिकोचा. पैसे परत मिळणार नव्हते. नाव तेवढं बदलता येत होतं. रद्द करावं तर मार्लिसचे शर्ट शिवून तयार होते, आणि तिला नाही कसं सांगायचं हे हार्लो लेकमध्ये आजवर कुणालाच कळलेलं नव्हतं. एकट्याने गॉर्डी-मार्लिसच्या मध्ये आठवडाभर बसायचं म्हणजे बेंचवरचा तिसरा खेळाडू. कुणाला तरी न्यायला हवं होतं.

शनिवारी आर्डिस आली. आज सफरचंदाचा केक होता. ब्रिटाची बातमी तिला केस कापता कापता आधीच कळलेली होती. "केलंस एकदाचं," एवढंच म्हणून तिने सुरी मागितली.

कर्टिसने सुरी दिली आणि विचारलं, कारण विचारलं नसतं तर वाईट दिसलं असतं. मनात सगळं जुळवूनच विचारलं: ही आता नाही म्हणेल, आपण पुन्हा विचारू, ही पुन्हा नाही म्हणेल, आणि मग आपण केकचं कौतुक करू. दुकान आहे तिचं, बायका खोळंबतील, ती काय येतेय. आणि आठवडाभर हिच्या जिभेखाली राहण्यापेक्षा गॉर्डीचा गुडघा परवडला. एवढं सगळं झाल्यावरही सुधारला नव्हता गडी.

"आर्डिस, तू येतेस का मेक्सिकोला? ब्रिटाची जागा आहे."

"येते," आर्डिस म्हणाली.

केक कापायचा हातसुद्धा थांबला नाही तिचा. कर्टिस तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"अगं, निदान एकदा तरी नाही म्हणायचंस!"

"का? तू परत विचारणार होतास?"

कर्टिसने खोटं बोलायचा विचार केला. "एकदा विचारलं असतं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा."

"आणि तिसऱ्यांदा केक खाल्ला असतास." आर्डिसने एक तुकडा बशीत घालून त्याच्यापुढे सरकवला. ती रागावलेली नव्हती, आणि तेच ऐकायला जड जात होतं. "कर्टी, हॅरल्डला जाऊन आठ वर्षं झाली. दर शनिवारी मी या घरात येते. तुझी बायको गेली तेव्हा पोरीच्या वेण्या मी घातल्या. तुझं हे डोकं फुकट भादरते. पण 'आर्डिस, चल, कुठेतरी जाऊ' असं मला आजवर कुणी एकदाही म्हटलेलं नाही. तीनदा सोडच. म्हणूनच ठरवलं होतं, विचारणारा सापडला की पहिल्याच हाकेला ओ द्यायची. नाही म्हणायला काय, आहे कोण परत विचारणारं?"

दोन महिने हा माणूस एका रिकाम्या खुर्चीच्या भीतीने अर्धमेला झाला होता. गॅरेजमध्ये जाऊन घट्ट दांडा पुन्हा घट्ट करत बसला होता, पोरीला गप्प बसवलं होतं, स्वतःला भाजून घेतलं होतं. आणि दोन गल्ल्या पलीकडे ती आठ वर्षं तशाच खुर्चीसमोर जेवत होती, आणि शनिवारी ट्रे घेऊन याच्याकडे हसत येत होती. कर्टिस ट्रे रिकामा करून परत द्यायचा आणि तिच्यामागे दार लावायचा. त्याला लाज वाटली. थट्टेत घालवता येईल अशी नव्हती ती. खरीखुरी, कानशिलं तापवणारी.

"आर्डिस," तो म्हणाला. "मला खरंच वाटतं, तू यावंस."

"येते म्हटलं ना. आता काय लिहून देऊ?" पण तिने तोंड खिडकीकडे वळवलं होतं, आणि नाक पुसायला तिला फडकं घ्यावं लागलं. बाहेर पुन्हा भुरभुर बर्फ सुरू झाला होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "समुद्र लगेच खोल होतो का रे?"

"मला काय माहीत? मी कुठे बघितलाय."

"मीपण नाही," आर्डिस म्हणाली, आणि कॉफी ओतायला उठली. "मग पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंतच जाऊ."